तीन घागरी जास्तीच्या

श्रीहरनाथ महाराजांचा मुक्काम त्या उन्हाळ्यात करंजखोऱ्यात होता. घाटाखालचे हे भाताचे गाव. चार वाड्या, ओढ्याकाठी करंजाची राई आणि राईच्या तोंडाशी महादेवाचे देऊळ. महाराज देवळाच्या ओवरीत उतरले होते. सोबत एक काळी घोंगडी आणि पाण्याचा भोपळा, एवढाच संसार. शिष्य नाहीत, झांजा नाहीत, कुणाला अंगारा देणे नाही की कुणाचे भविष्य सांगणे नाही. पहाटे ओढ्यावर स्नान करावे आणि दिवसभर येईल त्याच्याशी शेतीवाडीच्या गप्पा माराव्यात, असा त्यांचा क्रम.

अशा सत्पुरुषाला गावाने डोक्यावर घेतले असेल, असे तुम्हाला वाटेल. छे! करंजखोरे हे एक नंबरचे संशयी गाव. आणि त्याला कारणही होते. आदल्या वर्षी एक जटाधारी साधू येऊन राहिला होता. त्याने मौन पाळले, गावाकडून शिरापुरी खाल्ली आणि एका पहाटे पिंडीवरचा चांदीचा नाग घेऊन पसार झाला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. हरनाथ महाराज आले तेव्हा लोकांनी आधी देवळातली समई उचलून पाटलांच्या घरी नेली आणि मग येऊन नमस्कार केला. तोही एक डोळा उघडा ठेवून!

महाराज म्हणाले, "समई नेलीत ते बरं केलंत. मला अंधारात झोप चांगली लागते."

यावरही गावाला शंका आली की ह्याला अंधार कशाला हवा.

त्या देवळाच्या मागच्या पडवीत ठकूबाई नावाची एक विधवा राहत असे. मूल नाही, बाळ नाही, दिरांनी घराबाहेर काढलेली. देऊळ झाडावे, अंगण सारवावे, दिवाळीआधी भिंतींना चुना द्यावा आणि त्या बदल्यात पडवीत चूल मांडावी, असे तिचे चालले होते. बाई मोठी भाविक होती. पण तिच्या हाताला एक खोड होती आणि त्या खोडीपायी सारे गाव तिला हसत असे.

तिचे माहेर डोंगरापलीकडचे. तिकडची रीत अशी, की चुलीवर जे काही शिजत असेल त्यात शेवटी एक ओंजळ पाणी जास्त घालायचे. त्याला 'येणाऱ्याच्या नावाचं' म्हणत. ऐनवेळी कुणी दारात उभे राहिले तर त्याच्यापुरते कालवण असावे, एवढाच त्यातला हेतू. कालवणात हे खपून जाते हो. पण ठकूबाईने ती ओंजळ कधी कशातून वगळली नाही. भातात घातली, की भाताची पेज झाली. भाकरीच्या पिठात घातली, की भाकरी परातीलाच चिकटली. शेणकाल्यात घातली, तर अंगणाचे सारवण उताराने वाहत पाटलांच्या ओट्यापर्यंत गेले. आणि चुन्यात घातली तेव्हा तर कहर झाला. तो चुना भिंतीवर टिकेना. कीर्तनाला भिंतीला टेकून बसलेले सगळे लोक पांढऱ्या पाठी घेऊन घरी गेले आणि बायका रात्रभर हसल्या. तेव्हापासून तिचे नाव पाणचट ठकू पडले.

या हसण्यात सगळ्यात मोठा आवाज सोनाजी आचाऱ्याचा असे. सोनाजी पंचक्रोशीतला नावाजलेला आचारी. लग्न असो की भंडारा, त्याच्या भाताचे शीत न् शीत सुटे व्हायचे. त्याच्या बापाचाही असाच लौकिक होता. पण विद्या आली तशी घमेंडही आली. शिवाय माणूस संशयी, गावाच्याही वरताण. कुणी त्याला चांगला म्हटले तर ह्याचे काय काम अडले आहे, असे त्याला आधी वाटायचे. कुणी दुसऱ्याला चांगले म्हटले तर मग विचारूच नका.

अक्षय्य तृतीयेला देवळात भंडारा होत असे. त्याची बैठक ओवरीसमोर बसली. पाटलांनी आपले रीत म्हणून विचारले, "महाराज, तुमची काही आज्ञा?"

महाराज म्हणाले, "बाकीचं तुमच्या मनासारखं करा. भात मात्र ठकूबाई घालेल."

एकच हशा पिकला. सोनाजी तेवढा हसला नाही. त्याच्या कानशिलाची शीर ताठ झाली होती.

"महाराज, थट्टा करताय व्हय?" पाटील म्हणाले. "सारं गाव जेवायला असतं. हिला चार माणसांचा भात जमत न्हाई."

महाराज म्हणाले, "हिनं इतकी वर्षं येणाऱ्याच्या नावाचं पाणी घातलं. कधी कुणी आलं का हिच्या दारी? तुमच्यापैकी कुणी तिच्या हातचा घास खाल्लाय? मग एकदा गावानंच जावं, असं मला वाटलं."

ठकूबाई खांबाआड उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला. ती आनंदली नव्हती. घाबरली होती.

सोनाजी उठून उभा राहिला. "करू दे की. मी कोन अडवनार? पन पाटील, एक ठरवा. परसादाचा भात म्हंजे देवाचं अन्न. ते नासलं, मातीत घालावं लागलं, तर पाप कुनाच्या माथी? मग हिनं पडवी सोडायची. देवळात असल्या हाताची बाई नको."

पाटलांना ते पटले. गावालाही पटले. दुसऱ्याच्या डोक्यावरचे पाप सगळ्यांनाच पटकन पटते. ठकूबाईने महाराजांकडे पाहिले. पडवी सुटली असती तर त्या बाईला आभाळाखाली दुसरे छप्पर नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी कुणी तोंड उघडले नाही. मला आजही त्या बैठकीचा राग येतो.

सोनाजी घरी गेला, पण त्याला अन्न गोड लागेना. ही बाई महाराजांच्या कानाला लागली असणार. का पाटलांचेच हे कारस्थान? आपल्याला भंडाऱ्यातून उपटून टाकायचे आणि फुकटात काम करून घ्यायचे? का हा बैरागीच बनेल आहे, आणि उद्या पंगत बसली की समईच्या मागावर जाणार? एकूण काय, ज्याच्यावर संशय घेता येईल अशा प्रत्येकावर त्याने घेतला. आपल्याला भीती वाटते आहे, एवढे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. ह्या बाईचा भात जमला तर आपल्याला विचारणार कोण, ही ती भीती.

तृतीयेचा दिवस उजाडला. देवळामागे चर खणून चुली मांडल्या होत्या. भाताचा तांब्याचा हंडा एवढा मोठा की त्यात वासरू बसावे. तांदूळ जुना आंबेमोहोर. ठकूबाईने तो धुऊन निथळत ठेवला आणि पुढे काय करावे हे न समजून ती सोनाजीकडे गेली. सोनाजी पलीकडच्या चुलीवर आमटी ढवळत होता.

"आचारीदादा, एवढ्या तांदळाला पानी किती वो घालू? घरी मी मापट्याला दोन मापटी घालते."

सोनाजीने मान वर केली नाही. "आपल्या महाराजास्नी इच्यार. त्यांनीच नेमलंय ना तुला."

ती बिचारी खरेच विचारायला गेली. महाराज ओवरीत बसले होते. ते म्हणाले, "घरच्या पातेल्याचं दुप्पट इथं चालायचं नाही, ठकूबाई. पातेलं लहान, त्यातलं पुष्कळ पाणी वाफेनं उडून जातं. एवढ्या हंड्याला जड झाकण, तिथली वाफ जाणार कुठं? दुपटीपेक्षा कमीच घाल. तांदूळ नवा असता तर आणखी कमी सांगितलं असतं. जुना आहे, तो जरा जास्त पितो."

"आन् माजी वंजळ?"

"ती घाल की. एवढ्या हंड्यात एक ओंजळ कुणाला कळतेय?"

हे सगळे सोनाजीने तिच्यामागून येऊन कान देऊन ऐकले. ऐकून त्याचा संशय दुणावला. हंड्याचे पाणी कमी घालायचे, हे आचाऱ्याच्या पोरालाही दहा हंडे बिघडवल्यावर कळते. बैराग्याला कसे ठाऊक? हा पूर्वाश्रमीचा आचारीच असणार. कुठल्या तरी लग्नात तूप चोरताना सापडला असणार आणि मग भगवे नेसला असणार! असा विचार करून त्याला जरा बरे वाटले.

आधण आले. ठकूबाईने देवाचे नाव घेत घेत तांदूळ वैरले, मीठ टाकले, तुपाचा हात लावला आणि शेवटी डोळे मिटून ती एक ओंजळ सोडली. मग ती हंड्यासमोर हात जोडूनच बसली. भात रटरटला, पाणी आटत आले आणि भाताला वाफेचे डोळे पडले. आता फक्त लाकडे ओढून घ्यायची, झाकणावर निखारे ठेवायचे आणि वाफेवर सोडून द्यायचा. सोनाजी तिरप्या नजरेने पाहत होता. त्या घटकेला तो आमटी ढवळायची विसरला. भात चांगला होत होता.

इतक्यात देवळात घंटा वाजली. आरतीला सगळे धावले. महाराजांनी आतून हाक दिली, "ठकूबाई, तूही ये गं."

ती उठली. चार पावले गेली आणि परत आली. "दादा, इस्तवाकडं तेवढं बघता का? म्या निखारं ठिवल्यात. तुमी हाय म्हनून जाते."

"जा," सोनाजी म्हणाला.

भक्तहो, पुढचे सांगायला जीभ रेटत नाही. पण कथेला उजेडात आणले नाही तर ती कथा कसली? चुलीशेजारी पिण्याच्या पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. सोनाजीने आजूबाजूला पाहिले. झाकण सरकवले. एक घागर हंड्यात उपडी केली. भात बुडला. त्याने दुसरी ओतली. दुसरीनंतर त्याचा हात थांबला होता, असे तो पुढे स्वतःच सांगत असे. पण देवळात ठकूबाईचा आवाज आरतीत वर चढला आणि त्याने तिसरीही ओतली. उलथने घालून शिते मोडतील असे घुसळून काढले. खाली लाकडे सारली, जाळ केला, हंड्याला पुन्हा उकळी आणली. एवढे पाणी आणि एवढी घुसळण झाल्यावर त्या भाताची खळ होणार, पंगतीला वाढताच येणार नाही, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? आणि दोष जाणार कुणाकडे, तर तिच्या ओंजळीकडे. सगळे गाव म्हणणार, घातलंन् बघा येणाऱ्याच्या नावाचं!

झाकण लावून तो आरतीला जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवू लागला. आरती चालू असतानाच महाराज एकाएकी खाली बसले. भर वैशाखात त्यांनी घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. ओठ आवळलेले होते. पाटील वाकून म्हणाले, "महाराज, ताप भरला का?" महाराजांनी मानेनेच नाही म्हटले, हळूहळू उठले आणि प्रसाद न घेताच ओढ्याच्या बाजूला चालू लागले. सोनाजी मनात म्हणाला, झाले ह्याचे सोंग सुरू.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, आमटी आली. सोनाजी मुद्दाम पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "पाटील, हंड्याचं झाकन तुमच्याच हातानं निघू द्या."

पाटलांनी झाकण काढले. वाफ वर गेली. पाटील आत वाकून पाहतच राहिले.

"अगं ठके!" ते ओरडले. "काय गं हे?"

ठकूबाईने डोळे मिटून घेतले. सोनाजीने चेहऱ्यावर दुःख आणले.

"मोगऱ्याच्या कळ्या गं ह्या!" पाटील म्हणाले आणि त्यांनी डाव भरून भात वर उचलला. शीत शिताला चिकटलेले नव्हते. डावातून भात झरझर खाली पडला. सगळी पंगत उठून पाहायला आली.

सोनाजीचा चेहरा कसा झाला असेल, ते तुम्हीच मनाशी आणा. त्याने पाटलांच्या हातून डाव घेतला आणि हंड्याच्या तळापर्यंत खुपसला. तळाला चक्क खरपुडी धरली होती. पाणी जास्त झालेल्या भाताला कधी खरपुडी धरते का हो?

ठकूबाई रडत रडत हसत होती. तिने सगळ्यांदेखत सोनाजीपुढे हात जोडले. "दादा, तुमी इस्तवाकडं बगितलंत म्हनून झालं. न्हाईतर माज्या हातून कसचं व्हतंय?"

लोकांनी सोनाजीला शाबासकी दिली. ज्याच्या हातून भंडारा गेला त्यानेच राखण केली, केवढे मन म्हणावे! पाटलांनी तर त्याच्या हातात नारळ दिला. तो नारळ धरून सोनाजी उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच घरघर चालली होती. पाणी गेले कुठे?

मग त्याचा तपास सुरू झाला. ठकीने गुपचूप पेज काढली? पण ती तर आरतीत आपल्यापुढेच उभी होती. तरी त्याने देवळामागची सगळी जमीन पाहिली. पायाने माती उकरून पाहिली. कोरडी ठणठणीत होती. मग त्याला वाटले, घागरीच रिकाम्या असतील. त्या उचलून त्याने आत हात घातला. बुडाशी ओल होती. एखादी फुटकी असेल म्हणून तिच्यात पाणी भरून पाहिले. टिपूस गळेना. कुणी हंडाच बदलला की काय? त्याने हंड्याचा कान पाहिला. त्याच्या बापाने घातलेला डाखाचा जोड जागच्या जागी होता. शेवटी त्याला स्वतःचाच संशय आला. आपण ओतलेच नाही की काय? पण उजव्या बाहीवर घागरीचे पाणी सांडलेले होते आणि ती अजून ओलसर होती.

"आचारीदादा, बसा की जेवायला," ठकूबाईने हाक दिली.

"भूक न्हाई," तो म्हणाला. खरे तर त्या भाताची त्याला भीती वाटू लागली होती.

मग त्याला आठवले, महाराज पंगतीत नाहीत. त्याचे डोळे चमकले. तरीच! सोंग करून निघून गेला तो. हा सगळा त्याचाच हातचलाखीचा खेळ असणार. नारळ तिथेच ठेवून सोनाजी करंजाच्या राईतून ओढ्याकडे निघाला, पाय न वाजवता.

ओढा आटला होता, फक्त डबकी उरली होती. एका करंजाखाली महाराज पाठमोरे बसले होते. घोंगडी शेजारच्या खडकावर पसरलेली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होते. पांढरट, दाट. सोनाजी जवळ गेला. ती पेज होती. लोकरीत मोडलेली शिते अडकली होती, उलथन्याने घुसळून मोडावीत तशी.

आधी त्याला आनंद झाला. खरोखर आनंद झाला! सापडला चोर! घोंगडीत धरून पेज पळवली ह्याने. आता पाटलांना बोलावून मुद्देमालासकट दाखवायचे. तो ओरडणार, तेवढ्यात त्याची नजर महाराजांच्या पाठीवर गेली.

खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ भाजून निघाली होती. मोठमोठे फोड आले होते. काही फुटले होते आणि त्यांच्या कडांना पेज वाळून पांढरी खपली धरली होती. महाराज भोपळ्यातले पाणी थोडे थोडे खांद्यावरून सोडत होते आणि प्रत्येक वेळी श्वास आत घेत होते.

सोनाजी म्हणाला, "महाराज, हे... हे काय झालं?"

महाराजांनी मागे वळून पाहिले नाही. "तूच ओतलंस ना? मग विचारतोस काय?"

"म्या तर भातात वतलं."

"भाताला लागत होतं तेवढं भातात आधीच होतं, सोनाजी. तू ओतलंस ते भाताचं नव्हतं. जास्तीचं होतं. जास्तीचं ओतलं की ते कुणाच्या तरी अंगावर जातंच. ते ठकूबाईच्या अंगावर जायचं होतं. तिला सोसलं नसतं, म्हणून मी घेतलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. सोनाजी धाडकन गुडघ्यांवर बसला. आयुष्यभर त्याला एकच गोष्ट विचारायची सवय होती, की ह्यात ह्या माणसाचा फायदा काय. त्याने तेही शोधून पाहिले. भाजलेल्या पाठीत महाराजांचा काय फायदा होता? काहीच सापडेना. संशय घ्यायला जागाच उरली नाही, तेव्हा त्या माणसाला हुंदका फुटला.

"म्या गावाला सांगतो," तो म्हणाला आणि तसाच उठून पळत देवळाकडे गेला.

पंगत अजून बसलेलीच होती. सोनाजीने मध्ये उभे राहून सगळे सांगितले. तीन घागरी, उलथने, जाळ, काही लपवले नाही. आणि भक्तहो, गावाने काय करावे? गावाने विश्वास ठेवला नाही! पाटील म्हणाले, "सोनाजी, ऊन लागलंय तुला. ह्या भातात तीन घागरी पानी? डोळे हायत न्हवं आमाला?" कुणी म्हणाले, नारळ मिळाला, आता महात्मा व्हायला निघाला. कुणी म्हणाले, पुढच्या साली भंडारा परत मिळावा म्हणून ही नवी युक्ती. संशयाचे पीक त्या गावात सोनाजीनेच कमी का पेरले होते? ते आता त्याच्याच पदरात पडत होते. तो कळवळून सांगत होता आणि लोक एकमेकांना डोळे घालत होते.

ठकूबाई तेवढी वाढता वाढता थांबली होती. हातातला डाव तिने खाली ठेवला. सोनाजीने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. आता ही शिव्या देईल, थोबाडीत मारील, असे त्याला वाटले. तसे झाले असते तर त्याला ते हवेच होते.

ती म्हणाली, "लई भाजलंय का वो त्यास्नी?"

एवढेच म्हणाली. आणि उत्तराची वाट न पाहता पडवीपाशी धावली. तिथे कोरफडीचे एक बेट होते. त्यातली पाने तिने सपासप कापली आणि तशीच उष्ट्या-खरकट्या हातांनी ओढ्याकडे निघाली. सोनाजी मागे धावला. तिचा चेहरा पाहून पाटीलही पानावरून उठले, आणि पाटील उठल्यावर गाव उठले.

महाराजांची पाठ सगळ्यांनी पाहिली. घोंगडीतली शिते पाहिली. ज्यांनी डोळे घातले होते त्यांनी ते पुसले.

ठकूबाई महाराजांच्या मागे बसली. पान सोलून तिने गर काढला आणि बोटांनी एका फोडावर लावला. महाराजांचे अंग शहारले. ती थांबली, "दुखतंय का?" म्हणाली, आणि पुन्हा हलक्या हाताने लावू लागली. अर्धी पाठ झाली असेल नसेल, महाराज म्हणाले, "ठकूबाई, तू पुष्कळ केलंस. ते पान आता सोनाजीकडे दे."

सोनाजी मागे सरला. "न्हाई महाराज. ह्या हातानं न्हाई. ह्याच हातानं तर..."

"म्हणूनच," महाराज म्हणाले. "लाव."

ठकूबाईने पान पुढे केले. ते घेण्याआधी सोनाजी आचारी तिथल्या खडकाळ जमिनीवर पालथा पडला. त्याने आधी ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले, ती "दादा, दादा" म्हणत पाय ओढून घेत असतानाही ठेवले, आणि मग महाराजांच्या. उठला तेव्हा कपाळाला माती लागली होती. ती न पुसताच त्याने गर बोटांवर घेतला. ज्या हाताला मणाच्या हंड्याचे मीठ चिमटीत कळत असे, त्या हाताला किती हलके लावावे हे कळेना. महाराज विव्हळले की तोही विव्हळायचा. असे करत करत त्याने उरलेली सगळी पाठ भरली.

पाठ बरी व्हायला पावसाळा उजाडला. तोवर सोनाजी रोज सकाळी कोरफड घेऊन ओवरीत यायचा. महाराजांच्या खांद्यावरचा एक डाग कायमचा राहिला आणि त्याबद्दल कुणी विचारले की महाराज नुसते हसायचे. सांगायचा तो सोनाजीच. न विचारता, भर पंगतीत, आपल्या तोंडाने.

ठकूबाईची पडवी तिच्याकडेच राहिली, हे सांगायला नकोच. समईसुद्धा देवळात परत आली.

तर श्रोतेहो, श्रीहरनाथ महाराजांची ही कथा इथे त्यांच्याच पायाशी ठेवतो. आता हात जोडा आणि प्रसादाला चला. आजचा भात जरा गिच्च झाला आहे, असे मघाशी कुणीतरी कुजबुजल्याचे मी ऐकले. निमूटपणे खा.